भाडं थकण्याआधी, थकल्यावर: कष्टकरी कुटुंबानं राहतं घर कसं टिकवावं

सोसायटीच्या गेटवर बारा तासांची ड्युटी करणारा वॉचमन, चार घरची धुणीभांडी करणारी त्याची बायको, शाळेत जाणारी दोन मुलं, आणि दिवा, नालासोपारा, हडपसर किंवा भोसरीतली दहा बाय बाराची खोली. दोघं कमावतात आणि भाडं वेळेवर जातं. अशा घराकडे बघून हे लोक उद्या बेघर होतील असं कुणाच्या मनात येत नाही. पण घर गमावणाऱ्यांत अशी कुटुंबं पुष्कळ असतात, आणि गमावल्यावर ती कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख माणसं बेघर नोंदली गेली. ती मोजणी फूटपाथ, पुलाखालची जागा, रेल्वे फलाट, देवळाची ओसरी अशा उघड्या ठिकाणांची. बायकोमुलांना गावी धाडून साइटवर झोपणारा गवंडी त्यात येत नाही. मेव्हण्याच्या पोटमाळ्यावर महिनोन् महिने अवघडून राहणारं कुटुंबही येत नाही.

घर जातं ते टप्प्याटप्प्यानं. घरात कुणी आजारी पडतं किंवा ठेकेदार पगार अडकवतो. एका महिन्याचं भाडं चुकतं. मालक म्हणतो, "राहू दे, डिपॉझिटमधून वळते करतो," आणि सगळ्यांना हायसं वाटतं. तीन-चार महिन्यांत डिपॉझिट संपतं, तेवढ्यात अकरा महिन्यांचा करारही संपतो. आता ही खोली सोडायची आणि दुसरीसाठी द्यायला हातात काही नाही. गाडी रुतते ती इथं. भाडं चुकलेलं कुटुंब सावरतं. डिपॉझिट गेलेलं कुटुंब सावरणं फार अवघड. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांचा रोख डिपॉझिट शाबूत ठेवण्यावर आहे.

खोली घेतानाच करायची कामं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा, बहुधा अकरा महिन्यांचा करार), तो लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केलेली नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मालक "कागदाचा खर्च कशाला" म्हणाला तर हे शांतपणे सांगता येतं.

खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. ते मुदतीतलं एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर काढतात. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. समजा भाडं ७,०००, डिपॉझिट ३०,००० आणि मुदत ११ महिने. भाडं झालं ७७,०००, व्याज साधारण २,७५०, आणि शुल्क येतं दोनशेच्या आसपास. म्हणजे सरकारी खर्च बाराशे-पंधराशेच्या घरात. एजंट नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा घ्यायला घरी येतो त्याचे पैसे वेगळे. ते आधी ठरवा आणि मालकाशी निम्मे-निम्मे करायचा आग्रह धरा.

सहीआधी करार मराठीत वाचून घ्या, एजंटनं तोंडी सांगितलेल्यावर जाऊ नका. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण कलम २४ नुसार लायसन्सच्या लेखी करारात जे लिहिलं आहे तोच निर्णायक पुरावा मानला जातो. "काका म्हणाले होते दोन-तीन वर्षं राहा" याला तिथं किंमत नाही. मुदत किती, दोन्ही बाजूंनी नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (ज्या काळात खोली सोडता येत नाही तो) आहे का, डिपॉझिट खोली सोडल्यावर किती दिवसांत मिळणार आणि त्यातून काय कापणार, वीज प्रत्यक्ष मीटरप्रमाणे की मालकाच्या दरानं, हे सगळं लिहून आलेलं असावं. आणि एक गोष्ट जवळपास कुणीच करत नाही ती जरूर करा: करारात नवरा-बायको दोघांची नावं घाला. उद्या नवरा गेला, निघून गेला किंवा भांडण झालं तर बाईला त्या खोलीत उभं राहायला कागद लागतो.

खोली दाखवणारा माणूस खरंच मालक आहे का, हे वीजबिल, सोसायटीची मेंटेनन्सची पावती किंवा इंडेक्स-टूवरून (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) बघा. चाळीत भाडं गोळा करणारा आणि मालक हे अनेकदा वेगळे असतात. दोघांत बिनसलं की दोघंही तुमच्याकडे भाडं मागतात. झोपडपट्टीत खोली घेत असाल तर शेजारणीला विचारा, "इथं एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसनाचं) काही चालू आहे का, मोजणी झाली का?" पुनर्विकास सुरू झाला की खोली रिकामी करायचा निरोप आधी भाडेकरूला येतो, आणि बहुतेक वेळा त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं.

भाडं शक्यतो यूपीआयनं द्या आणि शेऱ्यात "जून भाडं" असं लिहा. रोख देत असाल तर पावती घ्या. पावती मिळत नसेल तर त्याच मिनिटाला मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा: "काका, आज जूनचे ७,००० रोख दिले." त्यावर आलेला नुसता अंगठाही पुढे उपयोगी पडतो.

हेवी डिपॉझिटच्या खोलीबद्दल

मुंबई-ठाण्याकडे ही पद्धत सर्रास आहे. मालकाला तीन-चार लाख एकरकमी द्यायचे, दरमहा भाडं नाही किंवा नावापुरतं, आणि मुदत संपल्यावर सगळी रक्कम परत. गावची जमीन विकून, बायकोचं सोनं मोडून, पीएफ काढून लोक ही रक्कम उभी करतात. महिन्याचं भाडं वाचतं हे खरं. पण कुटुंबाची सगळी पुंजी एका अनोळखी माणसाच्या हातात जाते, तीही बिनतारण.

यात फसगतीचे प्रकार ठरलेले आहेत. एकच खोली दोघा-तिघांना दिलेली असते. किंवा मालकानं ती बँकेकडे गहाण ठेवलेली असते आणि त्याचे हप्ते थकलेले असतात. २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँक तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. त्या दिवशी नोंदणीकृत करार नसलेल्या, किंवा खोली गहाण पडल्यानंतर राहायला आलेल्या कुटुंबाला फारसा आधार उरत नाही. बँक आपलं कर्ज आधी वसूल करते. तुमचे तीन लाख तिच्या हिशेबात नाहीत, ते मालकाकडून वसूल करायचे, आणि तो आधीच कर्जात बुडालेला.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: जमेल तोवर हेवी डिपॉझिट टाळा. घ्यायचीच झाली तर रक्कम फक्त बँकेतून द्या आणि ती नोंदणीकृत करारात पूर्ण लिहून घ्या. मालक म्हणेल, "कागदावर पन्नास हजारच दाखवू, बाकीचे वरून." तिथंच उठून या. इमारतीच्या सेक्रेटरीला भेटून खोलीवर बँकेचा बोजा आहे का ते विचारा, दारावर कधी नोटीस चिकटली होती का ते शेजाऱ्यांना विचारा. रक्कम चेकनं घ्यायला मालक तयार नसेल तर खोली कितीही छान असली तरी ती आपली नव्हे.

एका पगारावर घर चालेल का?

भाडं उत्पन्नाच्या किती टक्के असावं याचे बरेच नियम सांगतात. हातावर पोट असणाऱ्या घराला मी एकच कसोटी सुचवेन. दोघांपैकी एकाचं काम बंद पडलं, तर दुसऱ्याच्या कमाईत भाडं आणि किराणा निघतो का? वॉचमनचे १४,००० आणि बाईचे ७,००० धरून ११,००० ची खोली घेता येते, पण त्याचा पगार थांबला की पहिल्याच महिन्यात सगळं कोसळतं. ७,००० च्या खोलीत निदान भाडं तरी निघतं, आणि किराण्याची सोय रेशन, उसनवार, बचत गट यांतून लावता येते.

दोन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम वेगळी साठवा, ती बाईच्या नावावरच्या वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याचं एटीएम कार्ड रोजच्या पाकिटात ठेवू नका. पोस्टाची आरडी महिना शंभर रुपयांपासून काढता येते. भिशी माणसं जोडते, पण आपला नंबर कधी लागेल ते आपल्या अडचणीवर ठरत नाही. महिला बचत गट त्याहून कामाचा: अंतर्गत कर्ज लवकर मिळतं, व्याज कमी, आणि विचारणा करणारी माणसं ओळखीची. बाई अजून गटात नसेल तर आजच जाऊ द्या. अडचण आल्यावर गटात शिरून लगेच कर्ज मिळत नाही.

भाडं चुकणार असं दिसलं की

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तोंड लपवण्यानं. मालकाचा फोन उचलायचा नाही, तो आला की मुलाला "बाबा घरी नाहीत" म्हणायला लावायचं. लाज वाटते हे समजतं, पण मालकाच्या मनात पहिली शंका तिथंच येते. पाच तारखेला भाडं द्यायचं असेल आणि जमणार नाही हे दोन तारखेला कळलं असेल, तर दोन तारखेलाच सांगा. प्रत्यक्ष जाऊन बोला, मग तेच थोडक्यात लिहून पाठवा:

"काका, ठेकेदारानं पगार अडकवलाय. या महिन्याचे ७,००० पैकी ३,००० आज पाठवतोय. राहिलेले ४,००० पुढच्या दोन महिन्यांत दोन-दोन हजार करून भाड्याबरोबर देतो. डिपॉझिटला हात लावू नका ही विनंती."

यात तीन गोष्टी आहेत: आज काहीतरी दिलं, उरलेल्याची तारीख सांगितली आणि डिपॉझिट वाचवलं. अर्धं भाडं देणारा भाडेकरू बदलण्यापेक्षा ठेवणं मालकाला बहुधा परवडतं, कारण नवा माणूस, पुन्हा दलाली, मधला रिकामा महिना हे त्यालाही नको असतं.

मग हातातल्या पैशाचा क्रम लावा. आधी भाडं, मग किराणा आणि औषध, मग वीज. टीव्ही-फ्रिजचा हप्ता आणि ग्रुप लोन (बायकांच्या गटाला मिळणारं मायक्रोफायनान्स कंपनीचं छोटं कर्ज) त्यानंतर. इथं बहुतेक घरांत उलटं होतं, कारण ग्रुप लोनचा माणूस दारात बसतो आणि शेजारणींसमोर अब्रू जाते, तर मालक मात्र महिनाभर थांबतो. पण हप्ता चुकल्यानं कर्जाची नोंद बिघडते, भाडं चुकल्यानं घर जातं. मायक्रोफायनान्सबाबत रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश पाठ असू द्या: कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील असं कर्ज देता येत नाही, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर संपर्क करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं मनाई आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी फोन १४४४८.

खासगी सावकाराकडून भाड्यासाठी पैसे उचलू नका. आधीच घेतले असतील आणि त्याच्याकडे परवाना नसेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही मागितली तर कुठल्याही अडचणीत देऊ नका.

अडकलेला पैसा सोडवा

कर्ज काढण्याआधी आपलाच पैसा कुठं अडकला आहे ते बघा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा. काम सुटलं किंवा काढून टाकलं तर वेतन संहितेप्रमाणे दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब मिळाला पाहिजे. ठेकेदार टोलवाटोलवी करत असेल तर ज्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या आवारात काम केलं तिच्याकडे लेखी अर्ज द्या. ठेकेदारानं पगार दिला नाही तर तो काम करून घेणाऱ्या त्या कंपनीनं किंवा संस्थेनं द्यावा, अशी तरतूद कामगार कायद्यांत आहे. मग सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. हजेरीच्या कार्डाचा फोटो, गणवेशातला फोटो, सुपरवायझरचे मेसेज, बँकेत आधी जमा झालेला पगार, जे असेल ते जोडा. खाडे किती, पगार किती दिवसांचा राहिला, हे वहीत तारखेनिशी लिहिलेलं असेल तर काम निम्मं होतं.

पगारातून ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात होत असेल तर आजारपणात मिळणारे पैसे हक्काचे आहेत. ही योजना महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना लागू होते. पुरेशा दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारी रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. पण त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. गल्लीतल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर भागत नाही, म्हणून पहिल्या दिवशीच तिथं जा.

दवाखान्याच्या बिलात डिपॉझिट, दागिने आणि घर तिन्ही जाताना मी पाहिलं आहे, आणि त्यातली बरीच बिलं टळू शकत होती. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात मोफत होतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होतानाच आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलाशी जा, फोन १५५३८८. डिस्चार्जच्या दिवशी आठवलं तर उपयोग नाही. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा विभागात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जावं. हा दाखला घरात आधीच काढून ठेवा. त्याची गरज पडते तेव्हा तहसील कचेरीत खेपा घालायला कुणाला सवड नसते.

रेशन गावाकडच्या कार्डावर शहरातल्या दुकानातही मिळतं. एक देश एक रेशनकार्ड योजनेत अंगठा जुळला की प्राधान्य गटाचं माणशी महिना ५ किलो धान्य इथंच मोफत घेता येतं. चार माणसांचं वीस किलो म्हणजे भाड्यात घालायला काही शे रुपये मोकळे झाले. नाक्यावरच्या आणि साइटवरच्या कामगारांनी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून आजारपणापर्यंत मदत त्यातून मिळते.

नोटीस आली, किंवा मालक "आजच्या आज निघा" म्हणाला

तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सवर राहता, ते करार काढून बघा.

जुन्या चाळीतला, पागडीचा किंवा भाडेकराराचा भाडेकरू असाल तर कायदा बराच पाठीशी आहे. थकबाकीसाठी दावा लावण्याआधी मालकानं लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, तिच्यावर १५ टक्के व्याज आणि खर्च कोर्टात भरून पुढे नियमित भाडं दिलं, तर या कारणावरून घर काढून घेता येत नाही. गिरणी संपात मुंबईतल्या कितीतरी घरांचा पगार १९८२ पासून बंद होता, तरी लालबाग-परळच्या चाळीतल्या खोल्या अनेकांच्या हातात राहिल्या. त्यामागे भाडे नियंत्रणाचा जुना कायदा आणि नाममात्र भाडं होतं. आजच्या कष्टकरी कुटुंबाला अकरा महिन्यांच्या करारात तसं संरक्षण मिळत नाही.

लायसन्सची मुदत संपली की मालक खोली परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांचा निकाल देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दरानं पैसे मागू शकतो. म्हणून करार संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचं बोलणं काढा. प्राधिकाऱ्याचं समन्स आलं तर ३० दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते. तेवढे दिवस गेले तर तुमची बाजू न ऐकताच आदेश निघतो. समन्स घडी करून कपाटात ठेवू नका. ज्या दिवशी आलं ती तारीख त्याच्यावरच लिहा आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जा.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो. सगळ्या स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, औद्योगिक कामगारांना आणि दिव्यांगांना उत्पन्न न बघता. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. म्हणूनही करारात बाईचं नाव हवं. फोन १५१००. डिपॉझिट अडकलं असेल तर दावा लावण्याआधी तिथंच तडजोडीसाठी अर्ज करता येतो. मालकाला प्राधिकरणाचं पत्र गेलं की पुष्कळदा तेवढ्यावर बोलणी सुरू होतात.

मुदत संपलेली असली तरी मालकानं स्वतः कुलूप लावणं, सामान बाहेर फेकणं, चार पोरं आणून धमकावणं बेकायदेशीर आहे. भाडेकरूचं पाणी-वीज योग्य कारणाशिवाय तोडायला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ मनाई करतं. असं काही झालं तर ११२ ला फोन करा, सगळ्याचे व्हिडिओ काढा, शेजाऱ्यांना साक्षीला उभं करा. पोलीस "हा दिवाणी वाद आहे" म्हणतील. तेव्हा भाड्याबद्दल बोलूच नका. कुलूप, धमकी आणि मारहाण यांचीच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. जबरदस्तीनं ताबा गेला असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा करायचा असतो. आणि रागाच्या भरात किंवा दबावाखाली "मी स्वखुशीनं खोली सोडत आहे" अशा कागदावर सही करू नका. डिपॉझिट हातात आल्याशिवाय चावी देऊ नका.

झोपडी स्वतःची असेल तर

१ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला पुनर्वसनात मोफत घर, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला पैसे भरून घर, अशी राज्याची रचना आहे. ते ठरतं कागदावर: जुनं वीजबिल, मतदार यादीतलं नाव, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), मुलांच्या शाळेचा दाखला. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून झोपडीबाहेर, विश्वासाच्या घरी ठेवा आणि सगळ्याचे फोटो दोन फोनमध्ये. परिशिष्ट-२ ची यादी (पुनर्वसनाला कोण पात्र, कोण अपात्र ते सांगणारी) लागली की स्वतः जाऊन नाव बघा. चूक असेल तर मुदतीत अपील करावं लागतं. पाडकामाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ ला किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली आहे, पण रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-नाला यांवरच्या बांधकामांना ती लागू नाही. तिथं राहणाऱ्यांनी वस्तीतल्या संघटनेच्या संपर्कात आधीपासूनच असावं.

बाईला घराबाहेर काढलं तर

भाडं वेळेवर जात असूनही घर गमावणाऱ्या कितीतरी बाया आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, ते भाड्याचं असो किंवा सासऱ्याच्या नावावर असो. न्यायालय तिला घरातच राहू द्या असा आदेश देऊ शकतं, किंवा दुसऱ्या घराची सोय करा, त्याचं भाडं द्या असाही. १८१ वर फोन केला तर संरक्षण अधिकाऱ्याची माहिती मिळते. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहण्याची सोय होते. माहेरी गेलात तरी शेजारणीला कळवून जा, आणि मुलांचे दाखले, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक बरोबर घ्या.

खोली सोडावीच लागली तर

कधी कधी लढण्यापेक्षा वेळेवर लहान खोलीत जाणं शहाणपणाचं असतं, आणि त्यात कमीपणा नाही. डिपॉझिट शिल्लक असतानाच जा. नवी खोली मुलांच्या शाळेच्या आणि बाईच्या कामाच्या टापूत शोधा. दोन हजार भाडं वाचवायला पंधरा किलोमीटर लांब गेलात आणि तिची दोन घरं सुटली, तर हिशेब उलटा पडतो. जुन्या मालकाकडून डिपॉझिट येईपर्यंत नव्या मालकाला ते दोन हप्त्यांत घ्याल का, हे विचारायला लाजू नका.

नातेवाइकांकडे जायची वेळ आली तर जाताना किती आठवडे ते बोलून घ्या आणि किराण्यात वाटा द्या. घरमालकाच्या वादापेक्षा भावाभावांतला अबोला जास्त वर्षं टिकतो. कुटुंबाला गावी पाठवायचं असेल तर शक्यतो शाळेचं वर्ष संपल्यावर पाठवा. मध्येच न्यावं लागलं तर शिक्षण हक्क कायद्यानं शाळा दाखल्यासाठी अडवू शकत नाही. गॅस कनेक्शन नव्या पत्त्यावर जाईपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. काहीच सोय नसेल तर महापालिकेच्या समाजविकास विभागाकडे शहरी बेघर निवाऱ्याची चौकशी करा आणि कुटुंबासाठीचा निवारा कोणता ते नेमकं विचारा, कारण बरेचसे निवारे फक्त पुरुषांचे किंवा फक्त स्त्रियांचे असतात. मुलं उघड्यावर झोपत असतील तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनला १०९८ वर फोन करा.

ज्यांच्याकडे ही माणसं काम करतात त्यांच्यासाठी

घरकाम करणाऱ्या ताई चार घरी काम करत असतील तर चार घरांनी मिळून अडचणीच्या महिन्याचं भाडं उचलणं अवघड नाही. घरटी दीड-दोन हजार आगाऊ द्यायचे आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत वळते करायचे. त्या आजारी असतील तर खाड्यांचे पैसे कापू नका. त्यांना उत्पन्नाचा दाखला, बँक खातं किंवा नव्या खोलीसाठी ओळख लागते तेव्हा तुमच्याकडे किती वर्षं कामाला आहेत असं एक सहीचं पत्र द्या. नव्या खोलीचं डिपॉझिट द्यायची तयारी असेल तर ते थेट मालकाच्या खात्यात भरा आणि करारात तशी नोंद करा, म्हणजे खोली सोडताना ते कुणाला परत जायचं यावर वाद होत नाही.

सोसायटीच्या कमिटीनं सिक्युरिटी एजन्सीला महिन्याचं बिल चुकतं करण्याआधी गेल्या महिन्याचा पगार वॉचमनच्या खात्यात जमा झाल्याचा पुरावा मागावा, आणि ईएसआय-पीएफ भरल्याचं चलनही. एजन्सीशी करार करतानाच पगाराची तारीख त्यात लिहून घ्यावी. गेटवरच्या माणसाचं भाडं पाच तारखेला असतं आणि त्याचा पगार वीस तारखेला येतो, हे कमिटीच्या एका बैठकीत बदलता येतं.